हजार वॅटच्या उजेडापासून तीस वॅटच्या कार्डापर्यंत

लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा इतिहास शहरातली माणसं कॅमेऱ्यांच्या नावांनी सांगतात. सोयगावात तो वॅटनी सांगावा लागतो. कुठलं यंत्र किती वीज खातं, लाइट गेल्यावर किती वेळ तग धरतं, मांडवातल्या तारेला ते झेपतं का, यावरच आमच्या धंद्याचं प्रत्येक पाऊल पडलं. आज बनोटी, जरंडी, फर्दापूरकडची पोरं-पोरी छोटा डेस्कटॉप पिशवीत घालून आणतात आणि विचारतात, "ताई, यात ग्राफिक्स कार्ड बसेल का?" मी आधी पेटी उघडून वीजपेटीवरचं, म्हणजे पॉवर सप्लायवरचं, लेबल वाचते, मग बोलते. ही सवय मला काकांकडून लागली. त्यांच्या काळात ग्राफिक्स कार्ड नव्हतं, पण हिशेब हाच होता.

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. डोंगराच्या अंगाला वेताळवाडीचा किल्ला आणि हळदा घाट, पूर्वेला फर्दापूर आणि लेणी. जिल्ह्याचं ठिकाण घाट चढून शंभरेक किलोमीटरवर, आणि जळगाव त्याहून बरंच जवळ. निजामाच्या राजवटीत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो, शेजारचे जामनेर आणि पाचोरा इंग्रजांच्या खानदेशात. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि पुढे ती हद्द गेली. सोयरिकीने ती कधी मानलीच नव्हती. अजूनही आमच्याकडच्या निम्म्याअधिक वराती खानदेशात जातात किंवा तिकडून येतात, आणि धंद्याची यंत्रंही तिकडूनच आली. कॅसेट, बल्ब, रॅम, वीजपेटी, काहीही लागलं की आमची वाट जळगावच्या गोलाणी मार्केटची. पूर्वी शेंदुर्णीला जाऊन पाचोरा-जामनेरची छोटी गाडी पकडायची, नाहीतर सोयगाव आगाराची एसटी.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीएचएसचे खांद्यावरचे कॅमेरे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. काका तोवर फक्त फोटो काढत. त्यांनी व्हिडिओ सुरू केला तेव्हा त्यांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त काळजी उजेडाची होती. त्या कॅमेऱ्यांना अंधारात काही दिसत नसे. म्हणून हजार वॅटचा हॅलोजन लाइट, तो धरायला एक पोरगा, आणि मांडवभर फिरणारी लांब वायर. नवरा-नवरी मुंडावळ्यांच्या आडून डोळे मिचकावत, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळे, आणि लाइट लागला की मांडवातले बाकीचे बल्ब पिवळे पडत. शेतातल्या वस्तीवरचं लग्न असेल तर तारेवर एवढा भार टाकताच येत नसे. मग बॅण्डवाल्यांच्या जनरेटरवरून वीज घ्यायची आणि त्या बदल्यात त्यांचं दोन मिनिटं जास्त चित्रण करायचं. काका घरमालकाला पहिला प्रश्न विचारत तो मुहूर्ताचा नव्हे, मीटरचा.

अजिंठ्याच्या लेण्यांत आरसे धरून सूर्याचा उजेड आत वळवत आणि त्या उजेडात भिंतीवरची चित्रं दाखवत, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याला राहून त्या चित्रांच्या नकला करत होता. त्याने लंडनला पाठवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच त्याने लेण्यांचे फोटोही काढले होते. कमी उजेडात चित्र धरण्याची खटपट आमच्या तालुक्यात अशी फार आधीपासून चालू आहे.

चित्रण झालं की कॅसेटा जळगावला जात. मिक्सिंगची यंत्रं तिथेच. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, दोन टीव्ही. एका कॅसेटवरून दुसरीवर नक्कल करता करता चित्र दर वेळी थोडं फिकट होई, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडे ती नकलेची नक्कल. मिक्सरमधून नावं टाकायची तर फक्त इंग्रजी अक्षरं. सोयगावातल्या आजी-आजोबांना ती काय वाचता येणार? म्हणून सगळ्यांनीच एक तोड काढली होती: लग्नपत्रिकाच जवळून चित्रित करायची. वरचा गणपती, मग वधू-वरांची नावं, मग हळूहळू खाली 'आपले नम्र'पर्यंत. त्या काळातल्या सगळ्या कॅसेटा पत्रिकेने सुरू होतात याचं कारण हौस नाही. पडद्यावर मराठी उमटवणारं यंत्र आमच्या भागात कोणाकडेच नव्हतं.

ग्राफिक्स कार्डाचा इतिहास इथे मला फार जवळचा वाटतो, आणि तो लोकांना माहीत नसतो. आज कार्ड म्हटलं की पोरांना गेम आठवतो. पण आयबीएमच्या पहिल्या पीसीत, १९८१ साली, चित्राचं काम मुळात वेगळ्या कार्डावरच सोपवलेलं होतं, आणि त्या अख्ख्या पीसीची वीजपेटी होती साडेत्रेसष्ट वॅटची. पुढच्याच वर्षी व्हॅन सुवन्नुकुल या थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या माणसाने आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून स्वतः कार्ड तयार केलं. तेच हर्क्युलिस कार्ड: एकरंगी, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं, पण अक्षरंही स्वच्छ आणि रेघाही. पुढे ते जगभर विकलं गेलं. एका माणसाला आपली लिपी पडद्यावर दिसत नव्हती, म्हणून ते जन्मलं.

आपल्याकडेही तसंच झालं. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं; सी-डॅकची स्थापना १९८८ची. तिथून जिस्ट कार्ड निघालं. ते पीसीच्या खाचेत बसवलं की डॉसवर चालणाऱ्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरं दिसत. काना, मात्रा, जोडाक्षर कुठे बसायचं हे कार्ड ठरवी, मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नसे. त्याच कामातून इन्स्क्रिप्ट कळफलक सर्वत्र पोचला, तोच मी आजही वापरते. पुढे चित्रफितीखाली भारतीय भाषांत ओळी उमटवण्यासाठी सी-डॅकने लिप्स नावाची यंत्रणाही केली. मराठी अक्षर आणि चालतं चित्र एका पडद्यावर आणण्याचं काम असं पुण्यात एका कार्डावर झालं. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि मी ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. यंत्राला जे जमत नाही ते खाचेत बसवलेल्या एका छोट्या पाटीने जमवायचं, ही कार्डामागची मूळ कल्पना. वेग ही नंतरची गोष्ट.

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो २००० नंतर. मी एमएस-सीआयटी केलं, मग डीटीपी शिकले: पेजमेकर, कोरल, श्री-लिपी. पत्रिका छापायला लागले आणि त्याच नावांच्या पट्ट्या काकांच्या व्हिडिओवर चढवायला लागले. कॅसेट आता मिनी डीव्हीची होती. फायरवायरच्या केबलने ती कॉम्प्युटरवर उतरवायची, तासाभराच्या चित्रणाला तेरा जीबी जागा. मिक्सिंगसाठी त्या काळी सगळीकडे जपानच्या कॅनॉपस कंपनीचं नाव होतं. तिचं कार्ड पीसीआयच्या खाचेत बसे आणि इफेक्ट टाकला की लगेच पडद्यावर दिसे. तिचंच एडियस हे सॉफ्टवेअर. कंपनी पुढे ग्रास व्हॅलीत गेली, एडियस मात्र लग्नाच्या धंद्यात आजही टिकून आहे. आमच्याकडे अजून जुनी माणसं मिक्सिंगला नुसतं 'कॅनॉपस' म्हणतात.

पण तेच दिवस भारनियमनाचे. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, राज्यात वीज कमी पडत होती, जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि गावाला कळलं ते फक्त वेळापत्रक. कोणत्या वारी सकाळी, कोणत्या वारी दुपारी. लग्नं वैशाखात, म्हणजे ऐन टंचाईत. आमचा पेंटियम फोर तापायचा तो वेगळाच. त्याच्या जोडीला काचेच्या नळीचे दोन मॉनिटर आणि एक टीव्ही. हे सगळं छोट्या यूपीएसवर टाकलं की काही मिनिटांत शिट्टी वाजे. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, त्या शिट्टीने शिकवलं. दोन तासांचं रेंडर पाऊण तासावर असताना लाइट गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी रात्री काम करायची. पुढे गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा करण्याची योजना आली, तेव्हा घरातली वीज बरीच सुधारली. आमच्या धंद्याला त्या योजनेने जेवढा हात दिला तेवढा कुठल्याही कॅमेऱ्याने दिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कार्डांकडे येते. जुन्या पीसीआय खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त पंचवीस वॅट मिळत. २००४च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस आलं आणि मोठ्या, सोळा लेनच्या खाचेला ७५ वॅटची मर्यादा ठरली. त्यातले ६६ वॅट बारा व्होल्टच्या तारेवरून. त्याहून जास्त हवं असेल तर वीजपेटीतून वेगळी सहा पिनांची किंवा आठ पिनांची वायर कार्डाला जोडायची. शहरातल्या पोरांनी तो रस्ता धरला आणि कार्डं दोनशे-तीनशे वॅटच्या पुढे गेली. आमच्याकडे मात्र उलट्या दिशेने दुसरीच गोष्ट येत होती: मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क. आतला प्रोसेसर चांगला, पेटी पातळ, टेबलावर आडवी बसणारी, आणि वीजपेटी २४० वॅटच्या आसपास. नंतरच्या काही मॉडेलांत तर १८०च. लॉकडाउननंतर हे डेस्कटॉप तालुक्यात घरोघरी गेले. माझ्या मते सोयगावासारख्या गावासाठी याहून योग्य यंत्र झालेलं नाही. इन्व्हर्टरवर चालतं, आवाज करत नाही, आणि एखाद्या मुलीला घरातल्या कोपऱ्यात ठेवून लग्नाचं काम करता येतं.

फक्त त्याला चित्राची ताकद कमी. एडियसवर साधं फुल एचडी काम प्रोसेसर ओढून नेतो, पण रात्रीच्या वरातीच्या चित्रणातले दाणे काढायचे, रंग सुधारायचे, दाविंची रिझॉल्व्ह चालवायचं, तर कार्ड हवंच. इथे घाई करायची नाही. वीजपेटी मोठी टाकू असं पोरं म्हणतात. ते बहुतेक जमत नाही, कारण या कंपन्यांच्या पेटीचा आकारही वेगळा आणि मदरबोर्डला जाणाऱ्या पिनाही वेगळ्या, बाजारातली साधी एटीएक्स वीजपेटी तिथे बसतच नाही. म्हणून आहे त्या २४० वॅटमध्येच संसार करायचा. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ८४ वॅटपर्यंत घेतो. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पंखे मिळून तीस-चाळीस धरा. उरलेल्यात ७५ वॅटचं कार्ड कागदावर बसतं. पण ती वीजपेटी आठ-दहा वर्षं जुनी आहे आणि सोयगावचा उन्हाळा चाळीसच्या वर जातो. मी ७५चं कार्ड तिथे लावत नाही, पन्नासच्या आत राहते. शिवाय काही छोट्या पेट्यांमध्ये खाचेला पूर्ण ७५ वॅट मिळतच नाहीत. ते मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावं लागतं.

मापही बघायचं. कार्ड अर्ध्या उंचीचं हवं आणि डब्यात छोटी पट्टी आलेली हवी, नाहीतर मागचा पत्रा लागत नाही. काही पेट्यांत खाच वीजपेटीला इतकी खेटून असते की दोन खाचा अडवणारं जाड कार्ड आतच जात नाही.

या छोट्या कार्डांची एक वेगळीच वंशावळ आहे आणि ती लिहून ठेवायला हवी, कारण मोठ्या कार्डांच्या गलबल्यात ती हरवते. २०१४च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय आलं, ६० वॅटचं, वेगळ्या वायरीशिवाय चालणारं. कमी विजेत खरं काम होतं हे त्याने पहिल्यांदा दाखवलं. २०१६ मध्ये १०५० टीआय, ७५ वॅट. २०१७ मध्ये जीटी १०३०, तीस वॅट. या शेवटच्यावर आमच्याकडे उड्या पडल्या, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. गेमवाल्याला त्याचं काही वाटत नाही, मिक्सिंगवाल्याचं मात्र अडतं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्डही निघालं, ते आणखी हळू. एएमडीचं आरएक्स ६४०० हे २०२२चं, ५३ वॅट. त्यातही एन्कोडर नाही, आणि ते चारच लेन वापरतं, म्हणून जुन्या बोर्डावर त्याचा घास अर्ध्यावर येतो. गेमसाठी ते चांगलं आहे. लग्नासाठी मी देत नाही.

मी शोधते ती ऑफिसातली कार्डं. क्वाड्रो पी ६२०, चाळीस वॅट. टी ४००, तीस वॅट. टी ६००, चाळीस. टी १०००, पन्नास. नकाशे आणि आराखडे काढणाऱ्या कंपन्यांसाठी बनवलेली, एका खाचेत मावणारी, एन्कोडर असलेली. बाहेर मिनी डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआयचा कन्व्हर्टर सोबत घ्यावा लागतो, एवढंच. पोरं तोंड वाकडं करतात, कारण त्यावर रंगीत दिवे नाहीत.

आणि एक गोष्ट, जी न सांगितल्याने कार्ड बसवूनही माणसं नाराज होतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची सोय आहे. एडियस तीच वापरून फाइल झपाट्याने बाहेर काढतं. वेगळं कार्ड बसवलं की पुष्कळ डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. मग दाणे लवकर निघतात, पण फाइल निघायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. बायॉसमध्ये जाऊन दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवायचा पर्याय निवडायचा, मग प्रोसेसर आणि कार्ड आपापलं काम वाटून घेतात. एका शहरातल्या दुकानातून कार्ड बसवून आणलेली मुलगी माझ्याकडे रडवेली होऊन आली होती. कार्डात दोष नव्हता. तो एक पर्याय चालू केला आणि तिचं काम सुरू झालं.

मध्ये दोन वर्षं अशी गेली की ही कार्डंसुद्धा मिळेनात. जगात चिपांची टंचाई होती, आणि इथेरियमचं खाणकाम करणारे लोक मोठी कार्डं उचलून नेत होते. एनव्हिडियाने २०२१ मध्ये पाच वर्षांपूर्वीचं १०५० टीआय पुन्हा बाजारात सोडलं, इतकी ओढ होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बदलली आणि खाणीतली कार्डं जुन्या बाजारात आली. ती बहुतेक मोठ्या पोटाची. आमच्या २४० वॅटला त्यांचा उपयोग नव्हता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चौथ्या पिढीचे ते सगळे ऑप्टिप्लेक्स आता एकेक करून बदलावे लागताहेत. त्यातलं कार्ड मात्र तसंच काढून पुढच्या पेटीत बसतं. कॅमेरेही बदलले, दहा बिटांचं, ४:२:२ चं चित्रण घेऊन पोरं येतात, आणि ते जुनी कार्डं उलगडू शकत नाहीत. ते चित्रण एच.२६५ मध्ये असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ते करतं. म्हणून यंदा मी सांगते आहे की कार्डावर पैसे घालण्याआधी अकराव्या पिढीची छोटी पेटी बघा, शूटिंग तसं असेल तर. साधं आठ बिटांचं चित्रण असेल तर आठव्या पिढीची पेटी आणि जुनं टी ४०० या लग्नसराईला पुरेल. पेटी आणाल तेव्हा वीजपेटीवरच्या लेबलचा फोटो आधी मला पाठवा, म्हणजे जळगावची फेरी वाया जाणार नाही.